वेळ नक्की नसेल तर तसं सांगा, पण खोटी दहा मिनिटं सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मनाच्या आरोग्यावर काही ना काही येत असतं आणि मी ते आवर्जून वाचते, पण एका गोष्टीवर कुणीच लिहीत नाही म्हणून आज मीच लिहायला बसले. वाट बघताना होणारी घालमेल. कंटाळा म्हणत नाहीये मी, कंटाळा सगळ्यांनाच येतो. अजून किती वेळ लागणार ते कळत नाही तेव्हा छातीत धडधड सुरू होते, पोटात गोळा येतो, हातातलं काम सुचत नाही, त्याबद्दल बोलतेय. आणि सांगितलेली वेळ टळली, मग नवीन सांगितली आणि तीही टळली, तर विचारूच नका.

मला हे बऱ्याच वर्षांपासून होतंय. डॉक्टरकडे नंबर यायचाय, गाडी लेट आहे, ऑनलाइन मागवलेली वस्तू "आज येईल" म्हणतायत, कुणीतरी "निघालोय, पोचतोच" सांगून फोन ठेवलाय, काहीही असो. घरचे म्हणतात नुसतं थांबायचं तर आहे, त्यात काय एवढं. त्यांचा राग नाही, पण हे मनाचे खेळ आहेत म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये हे सगळ्यांना कळावं असं वाटतं. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांवर एक प्रयोग केला. कॉम्प्युटरवर दगड दिसायचे, खाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते मोजत होते. तर सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका शंभर टक्के बसणार हे माहीत असताना नाही, तर बसेल की नाही याची शक्यता अर्धी अर्धी होती तेव्हा. मला हे वाचून रडूच आलं खरं सांगायचं तर, कारण मी कायम हेच सांगत आलेय की वाईट असेल तर असू दे पण एकदाचं कळू दे.

रांगेत थांबणाऱ्यांच्या मनाबद्दल व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्येच लिहून ठेवलंय की किती थांबायचं ते माहीत नसेल तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो, आणि उशीर का होतोय ते सांगितलं नाही तर अजूनच लांब वाटतो. चाळीस वर्षं झाली याला. तरी काउंटरवर काय चालतं?

मागे घरातल्या एका माणसाचा रिपोर्ट आणायला गेले होते. खिडकीतल्या मुलीने सांगितलं अर्ध्या तासात मिळेल. तो अर्धा तास मी अगदी व्यवस्थित बसले कारण कधीपर्यंत बसायचंय ते माहीत होतं. नंतर विचारलं तर "दहा मिनिटं". दहा मिनिटांनी परत "दहाच मिनिटं", मान वर न करता. असं चालूच राहिलं. टोकन मी मुठीत इतकं घट्ट धरलेलं की घामाने त्याच्यावरचा आकडा फिसकटला, समोर कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता पण नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर, म्हणून घसा कोरडा पडला तरी उठले नाही, बाथरूमलाही गेले नाही. शेवटी दुसऱ्या एका माणसाने सांगितलं की मशीन बंद पडलंय, सॅम्पल दुसरीकडे पाठवलेत, आणि हे त्या मुलीला पहिल्यापासून माहीत होतं. "मशीन बंद आहे, संध्याकाळ होईल, सहाला फोन करून बघा" एवढं म्हटली असती तर मी घरी गेले असते, दोन घास खाल्ले असते. संध्याकाळपर्यंत थांबणं मला जड गेलं नसतं हो, त्या दहा दहा मिनिटांनी जीव काढला.

दर वेळी मुद्दामच कुणी खोटं सांगतं असं मात्र नाही. लागणारा वेळ कमी धरणं हा माणसाचा स्वभावच आहे, कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हे मांडलं. पुढे 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं 34 दिवस, प्रत्यक्षात लागले 55 च्या आसपास. आणि सगळं बिघडलं तर किती लागतील असं विचारल्यावर जो आकडा दिला होता, 49 च्या जवळपास, तोसुद्धा कमीच पडला. स्वतःच्या कामाचं हे, तर दुसऱ्याच्या कामाचं काय बोलायचं. शिवाय रांगेचं गणित वेगळंच असतं. समजा एका पेशंटला सरासरी दहा मिनिटं लागतात, लोक कधीही येतात, कुणाला जास्त वेळ लागतो कुणाला कमी. डॉक्टर 80 टक्के वेळ कामात असतील तर सरासरी थांबावं लागतं साधारण 40 मिनिटं, आणि 90 टक्के वेळ कामात असतील तर 90 मिनिटं. म्हणजे गर्दी जराशी वाढली की थांबणं दुपटीच्या वर जातं. म्हणून माझं म्हणणं आहे की एकच आकडा देऊच नका. "अर्धा ते दीड तास लागू शकतो, अडीच वाजता परत सांगतो" असं म्हणा. आणि अडीचला खरंच सांगा, नवीन काही नसलं तरी "अजून काही कळलं नाही" हे सांगा.

मला स्वतःला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तेही लिहिते, माझ्यासारखे अजून असतील. मी ज्या समुपदेशक ताईंकडे जाते त्यांनी प्रश्नच बदलायला लावला. "अजून किती वेळ" विचारलं की समोरचा आपल्याला गप्प करायला काहीतरी आकडा फेकतो आणि आपण तो धरून बसतो. त्यापेक्षा "उशीर कशामुळे होतोय" आणि "मी परत कधी विचारू" हे विचारायचं, याची उत्तरं बऱ्यापैकी खरी मिळतात. मग तोपर्यंत फोनवर नकाशातला ठिपका, ट्रॅकिंग, मेसेजची निळी खूण काही बघायचं नाही, कारण बघितलं की मिनिटभर बरं वाटतं आणि लगेच परत बघावंसं वाटतं, ती सवय वाढतच जाते. आणि कितीपर्यंत थांबायचं, त्यानंतर काय करायचं, हे डोकं शांत असतानाच ठरवून ठेवायचं, घालमेल सुरू झाल्यावर ठरवायला गेलं की काहीच ठरत नाही. सुरुवातीला हे फार कठीण जातं, अजूनही कधी कधी जमत नाही.

ज्यांना काळजी थांबवताच येत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. केट स्वीनी म्हणून कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्या वाट बघण्यावरच संशोधन करतात. वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट बघणाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. काळजी दाबून टाकायच्या युक्त्या कुणाला फारशा लागू पडल्या नाहीत, पण ज्यांनी ते महिने काळजीत काढले त्यांनी वाईट निकाल जास्त नीट पचवला. आणि ज्या कामात माणूस हरवून जातो असं काही हातात असेल तर वेळ सुसह्य होतो असंही त्यांना दिसलंय. मी तेव्हापासून पिशवीत विणकाम ठेवते.

तुमच्या पुरवणीत एखाद्या मानसोपचार तज्ज्ञांकडून यावर लिहून घेता येईल का? लहान मुलांबद्दलही त्यात यावं. मुलांना आपण सर्रास "पाच मिनिटांत येते हं" सांगून निघतो, आणि ती दारात उभी राहतात.

आपली,
एक नियमित वाचक