मनू, नीट जेव गं

प्रिय मनू,

काल फोनवर तू "हो गं, जेवले" म्हणालीस आणि मागून तुझी रूममेट ओरडली, आंटी झूठ बोल रही है, सिर्फ छाछ पे चल रही है! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर भांडण होतं म्हणून लिहितेय. लेक्चर देणार नाही, आधीच सांगते.

दातांची वायर घट्ट केली की दुखतंच गं. डॉक्टर समजावत होते तेव्हा तू मोबाईलमध्ये होतीस. दात ज्या बाजूला सरकतो तिकडचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे नवीन तयार होतं, म्हणून ठणका लागतो. पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग आठवड्याभरात उतरतं. पण त्यासाठी उपाशी कशाला राहायचं? मेसची पोळी चाववत नसेल तर वरणात कुस्करून ठेव, दहा मिनिटांत मऊ होते, आणि खिचडी-कढी तर बडोद्यात कुठेही मिळते. दहीभात खा, केळं खा. खाकरा आणि चिक्की नको. सेव उसळ खायचीच असेल तर शेव रश्श्यात पूर्ण भिजू दे, आणि पेरू फोडी करूनच खा, दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघालं तर ते परत चिकटवायला इंदूरला यावं लागेल आणि ट्रीटमेंट लांबेल ती वेगळी.

गालाला जिथे तार घासतेय तिथे तारेवर मेण लावतेस का? तू घाईत ओल्यावरच चिकटवतेस, मी बघितलंय, म्हणून ते टिकत नाही. आधी ब्रश कर, मग टिश्यूने ब्रॅकेट कोरडं कर, तुरीच्या दाण्याएवढं मेण बोटांत वळून त्यावर दाबून बसव. जेवताना काढायचं. चुकून गिळलं तरी घाबरू नकोस, काही होत नाही. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या कर. वायरचं टोक टोचत असेल तर नेलकटरने कापू नकोस, मेण लाव आणि डॉक्टरांना फोटो पाठव. आणि खाल्ल्यावर दर वेळी ब्रश, तो छोटा ब्रश वायरखालून घालून, नाहीतर तार निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग राहतात.

झालं लेक्चर. सॉरी.

तुझा पहिला दात पडला तेव्हा माईआजींनी तो तुळशीत पुरला होता, आठवतंय? तू रोज शाळेतून आलीस की माती उकरून बघायचीस, उगवला का म्हणून. आणि इंदूरच्या सराफा बाजारात रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस, वरून जीरावन मसाला, तोंड भाजलं तरी दुसरी प्लेट हवीच. तीच पोर आता ताकावर राहते हे मला पटतच नाही गं. कीस मऊच असतो, आलीस की घरी करते, मिरची न घालता.

दुखणं अंगावर काढायची सवय तुझ्या बाबांची. तू ती कशाला उचललीस? असो, तो विषय नको.

तू कॉलेजच्या पोर्ट्रेटच्या पैशातून तारेचा पहिला हप्ता भरलास ना, मी ते नानी काकूला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली माहितीये. एवढी मोठी झालीस. पण ग्रुप फोटोत तोंडावर हात ठेवून उभी राहू नकोस, तार आहे तर आहे, त्यात लाजायचं काय.

लाजेपायी तर जेवत नाहीस ना सगळ्यांसमोर? तसं असेल तर रूमवर घेऊन जा ताट, मेसवाल्या बेनशी मी बोलते. नको म्हणशील, माहितीये.

तुझी,
आई

ता.क. परागकाका शनिवारी अवंतिका एक्सप्रेसने निघतोय, रविवारी सकाळी होस्टेलवर येईल. मेणाच्या डब्या, मऊ ब्रश आणि भाजलेला दलिया पाठवतेय. दलिया दुधात नीट शिजवून खा आणि वाटीचा फोटो टाक. रिकाम्या वाटीचा नको, भरलेल्या वाटीचा.