आटलेल्या गायीच्या खुराकाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूधदराच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. आमचे घर सहा गायींवर चालते, त्यामुळे त्या मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. पण या साऱ्या चर्चेत माप एकच असते, लिटर. २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिले, तेही लिटरमागे. आमच्याकडे दूध संस्थेतून पेंड उधार मिळते, ती दुधाच्या पगारातून कापून. मग सात महिन्यांची गाभण, व्यायच्या आधी दूध काढणे थांबवून आटवलेली गाय या हिशेबात कुठे बसते? तिला पगार नाही म्हणून पेंड नाही. दावणीला तिची जागा शेवटची आणि तिच्या पुढ्यात दुभत्या गायींनी टाकलेला उरलासुरला कडबा. आपण तिला भाकड म्हणतो, आणि या शब्दानेच तिचा खुराक तोडला जातो असे मला वाटते.

खरे तर या काळात ती दोन जिवांचे खात असते. गाय सुमारे २८० दिवस गाभण राहते आणि वासराच्या वजनाची जवळपास दोन तृतीयांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. याच दिवसांत कासेत चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले घट्ट दूध, तयार होऊ लागतो. चिकाचे महत्त्व गायीच्या बाबतीत फार मोठे आहे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची ताकद काही प्रमाणात आईच्या पोटातच मिळते, वासराला मिळत नाही. गायीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाही. वासरू जन्मते ते अगदी उघडे, आणि जी काही ताकद मिळायची ती चिकातूनच. तीही पहिल्या काही तासांत, कारण दिवसभरात त्याच्या आतड्याचे हे दार बंद होते.

हे मी पुस्तकातून नव्हे, ठेच लागल्यावर शिकले. २०१९ च्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यातली जनावरे छावणीत होती. आमची एक संकरित गाय तेव्हा सात महिन्यांची गाभण होती. छावणीने जनावरे जगवली, हे उपकार मी विसरणार नाही. पण चारा म्हणजे मुख्यतः ऊस. उसात साखर आणि चोथा भरपूर, प्रथिने मात्र नावापुरती. गाय व्याली तेव्हा वासरू एवढेसे होते. त्याला उभे राहता येईना. चीक निघाला तोही थोडा आणि पाण्यासारखा. त्यात आमच्या घरची जुनी रीत, जार म्हणजे वार पडल्याशिवाय धार काढायची नाही. जार पडायला दुपार झाली. आठव्या दिवशी हगवणीने वासरू गेले. डॉक्टर म्हणाले, ‘हगवण निमित्त झाली, ते पोटातच उपाशी होते.’ ती कालवड होती.

पुढच्या वेताला मी हट्टाने वेगळे केले. व्यायच्या आधी साठ दिवस गाय आटवली. कडबाकुट्टी, मुरघास म्हणजे मुरवलेला चारा, थोडा लसूणघास, रोज दोन किलो पेंड आणि मूठभर खनिज मिश्रण. लसूणघासासाठी भांडावे लागले, कारण ‘हिरवे दुभत्याला’ हा घरचा कायदा. पण नुसत्या वाळल्या चाऱ्यावर ठेवलेल्या गायीला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्याची फार कमतरता झाली तर वासरे अशक्त, कधी आंधळीही जन्मतात. त्या वेताची कालवड अर्ध्या तासात पायावर उभी राहिली. जार पडायची वाट न पाहता तिला पहिल्या तासातच चीक पाजला, दिवसभरात मिळून तीन लिटर. खरवस तिचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा केला. आज ती आमच्या गोठ्यातली सर्वांत चांगली गाय आहे. एका गायीवरून नियम ठरत नाही, हे मला कळते. पण नंतरच्या वेतांतही हगवणीचा त्रास कमीच झाला.

खुराक म्हणजे नुसते कोंबणेही नव्हे. आटलेली गाय फार लठ्ठ झाली तर व्यायला अडते आणि व्याल्यावर खाणे टाकते. आमच्या भागात शेवटच्या महिन्यात प्रेमापोटी कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात, त्याचे तर उलटेच होते. आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतले काढून वापरायची शरीराची सवय मोडते. मग व्यायल्यावर दुधाची ओढ एकदम लागली की गाय दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातले कॅल्शियम घटून, खाली बसते. ती बसली की वासराकडे कोण बघणार? व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियम आवरते घ्या आणि पेंड हळूहळू वाढवा, हे आमच्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावले होते.

उन्हाचाही विचार खुराकाबरोबरच व्हायला हवा, कारण धापा टाकणारी गाय खात नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने आटलेल्या गायींचे दोन गट केले. एकाला सावली, पंखे आणि पाण्याचे फवारे, दुसऱ्याला नुसती सावली. दुसऱ्या गटातल्या गायींची वासरे हलकी जन्मली, आणि त्यांतल्या कालवडींनी मोठेपणी पहिल्या वेतात दूधही कमी दिले. आमचा एप्रिल-मे फ्लोरिडापेक्षा सौम्य नाही. तरीही गोठ्यातला एकुलता पंखा आम्ही दुभत्या गायीवरच लावतो.

म्हणून दूध संघांच्या संचालकांना आपल्या अंकातून विनंती करते. रोज दोन किलोप्रमाणे साठ दिवसांची पेंड १२० किलो होते, म्हणजे जेमतेम अडीच पोती. गाय सात महिन्यांची गाभण असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला घ्या आणि तेवढी पोती उधार द्या. गाय व्यायल्यावर दुधाचा पगार सुरू होतोच, तीन-चार पगारांतून ती वसूल करा. आपणही कृषी पानावर दूधदराच्या शेजारी या दोन महिन्यांच्या खुराकाची माहिती छापावी, विशेषतः मार्चमध्ये, कारण तेव्हाच आमच्याकडे हिरवा चारा संपतो.

आपली नम्र,
एक दूध उत्पादक शेतकरी महिला
ता. माण, जि. सातारा