धरणे गेली, पाण्याचे काय?

महोदय,

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार जलविद्युत धरणे पाडली, आता तिथला सॅल्मन (समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा मासा) वाचला, असे वरचेवर ऐकू येते. हा आनंद घाईचा आहे.

धरणे हटली २०२४ मध्ये, आणि त्याच ऑक्टोबरात सॅल्मन नदीच्या वरच्या अंगाला, ऑरेगन राज्यापर्यंत चढून आले. १९१२ नंतर प्रथमच! युरोक, करुक आदी आदिवासींनी त्यासाठी वर्षानुवर्षे दिलेल्या लढ्याला सलाम.

पण याच नदीतला सप्टेंबर २००२ आठवा. वर्ष कोरडे, त्यात वरच्या अंगाला शेतीने उचललेले पाणी. पात्र रोडावले, पाणी तापले, दाटीवाटीने अडकलेल्या माशांचे कल्ले रोगाने सडले आणि किमान ३४ हजार मासे मेले. पाणी उपशाचे ते कारण धरणे गेल्यावरही कायम आहे. शिवाय, ही नदी जिथून पाणी घेते त्या अप्पर क्लॅमथ सरोवराकाठच्या पाणथळ जागा कोरड्या करून शेती झाली. तिथला फॉस्फरस सरोवरात उतरतो आणि उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरते. सॅल्मनची मादी शेपटीने गोटे उकरून खळग्यात अंडी घालते. त्या गोट्यांतून थंड पाणी खेळते राहिले तरच पिल्ले जगतात.

शेतकऱ्यांचीही गरज खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. तरीही नदीसाठी राखलेल्या किमान प्रवाहाला दुष्काळी वर्षातही हात लावू नये आणि पाणथळ जागा, शेतकऱ्यांना योग्य मोबदला देऊन, सरोवराला परत कराव्यात.

– एक मराठी वाचक, पोर्टलंड (ऑरेगन)