हिरव्या बोगद्याचे ते छायाचित्र आता जुने झाले आहे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण फ्रान्समधील ‘कॅनाल द्यु मिदी’ या कालव्याच्या काठाने निघणाऱ्या मार्गदर्शित सायकल सहलींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखातील माहिती बहुतांशी बरोबर आहे. परंतु त्यासोबत अर्धे पान व्यापून छापलेले छायाचित्र, ज्यात दोन्ही काठांवरील उंच झाडांच्या फांद्या पाण्यावर एकमेकींत गुंतून हिरवा बोगदा झालेला दिसतो, आणि त्याखालची ‘संपूर्ण प्रवास गर्द सावलीतून’ ही ओळ, या दोहोंमुळे वाचकांची फसगत होण्याचा संभव आहे. मागील वर्षी जूनच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी आठ जणांच्या गटाबरोबर कास्तेलनोदारीपासून समुद्राजवळच्या मार्सेयां गावापर्यंत याच काठाने सहा दिवस सायकल चालवून आलो. आम्हीही असेच छायाचित्र पाहून पैसे भरले होते, म्हणून हे पत्र.

ती झाडे प्लेन वृक्षाची, म्हणजे काश्मीरच्या चिनाराच्या अगदी जवळच्या भाऊबंदांची. कालव्याच्या काठावर अशी सुमारे 42,000 झाडे होती. 2006 मध्ये कारकासोन शहराच्या पूर्वेला विलद्युबेर येथे त्यांपैकी काहींवर एका बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून निम्म्याहून अधिक झाडे तोडावी लागली आहेत. ही बुरशी झाडाच्या जखमेतून आत शिरते, आतील रसवाहिन्या बंद करते आणि दोन ते पाच वर्षांत शंभर-दीडशे वर्षांचे झाड उभ्या उभ्या वाळते. तिच्यावर औषध नाही. रोगी झाड आणि त्याचे शेजारी तोडून, बुंध्यासकट जागीच जाळणे एवढाच उपाय उरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी मार्सेय बंदरात उतरली असे मानले जाते. पुढे कालव्यात ती पाण्यातूनच पसरत गेली. मुळे पाण्यात उतरलेली, बोटी त्यांना घासणाऱ्या आणि नावाडी बुंध्यांनाच दोर बांधणारे, म्हणजे जखमांना तोटा नव्हता. आज झाडाला बोट बांधण्यास बंदी आहे.

लेखाने हे सारे वगळले, आणि त्याचा परिणाम आमच्या वाट्याला प्रत्यक्ष आला. तिसऱ्या दिवशी आम्ही कारकासोनहून निघून त्रेब गावाच्या पुढे आलो, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. एका बाजूला द्राक्षमळे, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मध्ये पांढऱ्या मुरमाची वाट, तिच्यावर दूरवर एक झाड नाही. काठावर ठरावीक अंतराने मोठाली गोल वर्तुळे दिसत होती, काही गवताने झाकलेली, काही अजून काळी. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एकेक झाड होते हे लक्षात यायला मला वेळ लागला. तापमान 36 अंशांवर गेले होते. आमच्या गटातील साठी उलटलेल्या एका भगिनींना चक्कर आली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्यांना जलपाशाच्या (म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाच्या) रखवालदाराच्या जुन्या घराच्या भिंतीलगत हातभर सावलीत बसवले, मानेवर ओला रुमाल ठेवला, साखर-मिठाचे पाणी थोडे थोडे पाजले आणि सामान वाहणारी गाडी बोलावून घेतली. सुदैवाने प्रसंग तेवढ्यावर निभावला. परंतु ज्या आयोजकांनी आम्हाला सोबत आणावयाच्या वस्तूंची दोन पानी यादी दिली होती, त्यांनी ‘या टप्प्यावर सावली नाही, सकाळी लवकर निघावे’ ही एक ओळ तीत घातली नव्हती. परत आल्यावर मी त्यांच्या कार्यालयात हे सांगितले, तेव्हा ‘ते छायाचित्र सगळेच वापरतात’ एवढेच उत्तर मिळाले.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढली असून त्यातला बराच काळ नीरा उजव्या कालव्यावर गेला आहे. त्यामुळे मला हा कालवा पाहायचा होता तो त्याच्या बांधणीसाठी. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर लांबीच्या या कामाला 1666 मध्ये चौदाव्या लुईच्या फर्मानाने परवानगी मिळाली. ते अंगावर घेणारा पिएर-पॉल रिके हा मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी होता, शिकलेला अभियंता नव्हता. अटलांटिकच्या बाजूचे आणि भूमध्याच्या बाजूचे पाणी जेथे वेगळे होते त्या नोरुझच्या खिंडीत, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटर उंचीवर, दोन्ही उतारांना पुरेल एवढे पाणी बाराही महिने आणायचे कसे, या एका प्रश्नावर आधीच्या सगळ्या योजना अडल्या होत्या. रिकेने उत्तरेकडच्या मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे चरांनी वळवून एकत्र आणले, सां-फेरेओल येथे मातीचे धरण बांधून सुमारे 60 लाख घनमीटर पाणी साठवले आणि ते खिंडीत सोडले. काम जोरात असताना सुमारे 12,000 मजूर राबत होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. कालवा 1681 मध्ये खुला झाला, पण रिके आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच वारला होता.

पहिल्या दिवशी मार्गदर्शक बाई आम्हाला उलट दिशेने नोरुझला घेऊन गेल्या, कारण त्यांच्या मते कालवा तेथून समजून घ्यायला हवा. आमच्यापैकी दोघे-तिघे नाराज होते, कारण कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी कास्तेलनोदारीचा बाजार लिहिलेला होता. मी मात्र त्या ठिकाणी उभा राहिलो आणि मला आमचा सह्याद्रीचा माथा आठवला, जेथे एका वाफ्यात पडलेला पाऊस कोकणात उतरतो आणि शेजारच्या वाफ्यातला कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जातो. निसर्ग जे डोंगरमाथ्यावर करतो ते या माणसाने मोजून मापून एका चरात आणून केले आहे.

कालवा सोडला नाही तर वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही, मग मार्गदर्शकासाठी जादा पैसे का मोजायचे, असे मला निघण्यापूर्वी अनेकांनी विचारले होते. सायकल, नकाशा आणि मुक्कामाच्या खोल्या एवढेच हवे असेल तर ते खरेही आहे. पण जलपाशांचे हौद लंबगोल का आहेत हे मला कोणी सांगितले नसते. आरंभी सरळ भिंतींचा एक जलपाश मागच्या मातीच्या दाबाने कोसळला, म्हणून रिकेने भिंती बाहेरच्या बाजूस फुगीर केल्या, जेणेकरून आडव्या ठेवलेल्या कमानीप्रमाणे त्या दाब पेलतील. रखवालदाराच्या घरावरची लोखंडी पाटी मी तशीच ओलांडून गेलो असतो. तिच्यावर त्या जलपाशाचे नाव आणि मागच्या व पुढच्या जलपाशापर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. आमच्या कालव्यांवरच्या, अंतर दाखवणाऱ्या साखळी क्रमांकांच्या दगडांचीच ही बहीण, आणि मी तिच्यावरून हात फिरवला तेव्हा रंगाचे चार-पाच थर बोटांना जाणवले. अर्जांसच्या जलपाशापासून बेझिएजवळच्या फोंसेरानपर्यंत 54 किलोमीटरमध्ये एकही जलपाश नाही, पाणी डोंगरांच्या कडेकडेने एकाच समतल रेषेवर वळणे घेत जाते. बाकीचे सहप्रवासी त्या वळणांना कंटाळले, कारण समोर दिसणारे गाव तासाभराने पुन्हा समोरच दिसे. ज्याने उन्हात दुर्बीण लावून समतल रेषा धरली आहे, त्याला त्या प्रत्येक वळणामागचे कष्ट दिसतात. पुढे मालपासला टेकडी आडवी आली तेव्हा सुमारे 165 मीटरचा बोगदा खोदला गेला, आणि फोंसेरानला 21.5 मीटरचा उतार आठ हौदांच्या जिन्याने पार केला गेला.

झाडांविषयीही खरी माहिती मला बाईंकडूनच मिळाली. चौथ्या दिवशी सकाळी, जुनी झाडे अजून उभी असलेल्या एका पट्ट्यात, त्यांनी गटाला थांबवले आणि एका बुंध्याकडे बोट दाखवले. साल एरवी फिकट राखाडी आणि पिवळसर असते. त्या झाडावर जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत जांभळट निळा पट्टा उमटला होता, कडांना नारिंगी छटा होती, जणू कोणी शाई ओतली असावी. वर पाने हिरवीगार होती. ‘हे झाड गेले आहे, पण त्याला अजून ठाऊक नाही,’ असे त्या म्हणाल्या आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांचे वडील याच भागात द्राक्षे पिकवतात. लहानपणी शाळेतून घरी येताना त्या या सावलीतूनच येत असत.

एक गोष्ट मला तेथे नव्याने कळली. ही झाडे रिकेच्या काळची नाहीत. आधी काठावर तुती, विलो अशी झाडे होती आणि प्लेन वृक्षांच्या रांगा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात लागल्या. मुळांनी भराव घट्ट धरावा, सावलीने बाष्पीभवन कमी व्हावे आणि बोटी ओढणाऱ्या घोड्यांना व माणसांना ऊन लागू नये, असे त्यामागचे हेतू होते. म्हणून झाडे गेल्याचे नुकसान केवळ शोभेचे नाही, भराव सैल होण्याची भीती त्यात आहे, आणि कालवा फुटणे म्हणजे काय हे ज्यांनी रात्री कंदील घेऊन पाहिले आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको. सरकारी जलमार्ग विभागाने आता नवी लागवड हाती घेतली असून, एकाच जातीवर पुन्हा विसंबायचे नाही म्हणून तुर्की ओकबरोबर इतर जातीही लावल्या जात आहेत. विलद्युबेरजवळ, जेथे रोग प्रथम दिसला, तेथील नवी झाडे आता सायकलस्वाराच्या डोक्यावर गेली आहेत. रस्तारुंदीकरणात आपल्याकडच्या हमरस्त्यांवरचे जुने वड गेले, त्यांच्या जागी कोणते झाड कितव्या मीटरवर लावले याचा हिशेब मी नोकरीत असताना कधी पाहिला नाही, हे येथे खेदाने नमूद करतो.

आपल्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की, प्रवासविषयक लेखासोबतच्या छायाचित्राखाली ते कोणत्या वर्षी आणि नेमके कोठे घेतले हे छापण्याचा प्रघात आपण सुरू करावा. सहल आयोजकांनी टप्प्याटप्प्याची खरी स्थिती लिहून द्यावी: सावली कोठे आहे, वाट कोठे डांबरी आणि कोठे कच्ची आहे, मुळांनी उचलली गेलेली जागा कोठे लागते. तुलूझकडचा सुमारे 50 किलोमीटरचा भाग पक्का आहे, त्यापुढे बराचसा नाही, आणि अरुंद टायरच्या सायकलीवर तेथे हाल होतात. ज्या वाचकांना जावयाचे आहे त्यांनी शक्यतो मे किंवा सप्टेंबर निवडावा आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने जावे, कारण त्या भागातला ‘सेर’ नावाचा जोराचा वारा वायव्येकडून येतो आणि तो पाठीवर घेणे व छातीवर घेणे यांत दिवसाचे वीस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. आम्हाला हा सल्ला बाईंनी दिला, आयोजकांनी नाही.

झाडे गेली म्हणून तिकडे जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 1996 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेला तो कालवा साडेतीनशे वर्षांनंतरही पाणी धरून आहे. आमच्या शेवटच्या दिवशी, चक्कर आलेल्या त्या भगिनींनी मार्सेयांच्या दीपगृहापर्यंतचा टप्पा स्वतः सायकल चालवून पूर्ण केला. त्या दिवशी आम्ही पहाटे साडेसहाला निघालो होतो.

सोबत मी काढलेले एक छायाचित्र पाठवत आहे. त्यात त्रेबच्या पुढचा उघडा काठ, काठीला बांधलेले कमरेएवढे ओकचे रोप आणि त्याच्या बुडाशी जुन्या बुंध्याचे काळे वर्तुळ दिसते. जमल्यास तेही तेवढ्याच आकारात छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपअभियंता,
फलटण, जि. सातारा