नाव विचारायचे राहून गेलेल्यांचे आभार
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी परभणीहून छत्रपती संभाजीनगरला गेलो तेव्हा, सुनेच्या सिझेरियनला पाठीतून दिलेल्या भुलीवर भागले, मग मलाच पूर्ण भूल कशाला, असा माझा हट्ट होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, म्हणून श्वास नळी घालून यंत्राने सांभाळावा लागतो आणि एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी भूल) फार तर वेदनाशमनासाठी जोडीला देतात, हे ज्या भूलतज्ज्ञ बाईंनी न कंटाळता समजावले, त्यांचे नावही मी विचारले नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच संध्याकाळी मला धरून व्हरांड्यात चालवणाऱ्या परिचारिकेचा (तेव्हा तिचा रागच आला होता) आणि घोटघोट पाणी मोजून पाजणाऱ्या मावशींचा मी ऋणी आहे.