‘आपसात मिटवा’ हे उत्तर पुरेसं नाही: सोसायटी अध्यक्षांना पत्र

दि. ९ मार्च २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

विषय: माझ्या भूखंडाच्या उत्तरेकडील मोकळ्या जागेत शेजारच्या सभासदांनी केलेलं अतिक्रमण आणि त्याबाबत समितीने घ्यायची लेखी भूमिका.

महोदय,

मागच्या रविवारी फोनवर आपण म्हणालात, ‘वहिनी, दोन्ही घरांनी बसून आपसात मिटवा, समितीला यात ओढू नका.’ आपला हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. आपण माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून या घराला ओळखता. तरीही हा सल्ला मला मानता येत नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून हे पत्र. कृपया याला आवक क्रमांक देऊन पोच द्यावी.

आधी वस्तुस्थिती. माझ्या घराच्या उत्तर भिंतीपासून कंपाउंडपर्यंत दहा फुटांची मोकळी पट्टी आहे. मंजूर नकाशात ती सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळी सोडायची जागा, म्हणून दाखवलेली आहे. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला, शेजारच्या सभासदांनी कंपाउंडची भिंत एका ठिकाणी फोडली. माझ्या बाजूला तीन फूट आत लोखंडी अँगल रोवले, वर पत्रे टाकले आणि पट्टीच्या मागच्या टोकाला जाळीचं फाटक बसवून स्वतःचं कुलूप लावलं. आज त्या कुलपाच्या पलीकडच्या माझ्याच जागेत मला जाता येत नाही. तिथे त्यांची पाण्याची मोटार आणि स्कूटर असते. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही घरी नसताना त्यांचे गवंडी पुढचं फाटक उघडून अंगणात शिरले, पत्र्याला आड येतात म्हणून कढीपत्त्याच्या फांद्या छाटल्या आणि माझ्या धुण्याच्या नळाखाली घमेली-थापी धुतली. मोरीच्या जाळीत सिमेंट घट्ट बसलं आहे, पाणी तुंबतं. समितीने येऊन ते डोळ्यांनी पाहावं.

अँगल रोवले त्याच दिवशी मी व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं होतं की ही जागा माझी आहे, काम थांबवा. उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह आलं आणि काम चालूच राहिलं. आता शेजारी म्हणतात, ‘आमची वीस वर्षांची वहिवाट आहे.’ हे वाक्य कुणीतरी त्यांना शिकवलेलं आहे, कारण त्याला कायद्यात फार वजन आहे. म्हणूनच मी ते हसण्यावारी नेणार नाही.

वहिवाटीची खरी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या घराचं सांडपाण्याचं चेंबर आमच्या कंपाउंडला लागून आहे. ते साफ करायला माणूस आत यायचा, तो आमच्या पट्टीतून. सासऱ्यांनी माणुसकी म्हणून होकार दिला होता, आणि दरवेळी फाटकाची किल्ली आमच्याच घरातून जायची. ईझमेंटचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्काचा, १८८२ चा कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क वापराने मिळायला तो वापर वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क तयार होत नाही. ती परवानगी राहते, आणि परवानगी मागे घेता येते.

याच कायद्याच्या कलम ६० मध्ये मात्र एक अपवाद आहे आणि माझी खरी धास्ती तिथे आहे. परवानगीच्या आधारावर समोरच्याने खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. आज अँगल आणि पत्रे आहेत, उद्या तिथे विटांची भिंत आणि स्लॅब आला आणि ‘तुमच्या डोळ्यांदेखत बांधलं, तेव्हा गप्प का बसलात?’ असा प्रश्न न्यायालयात आला, तर मी काय उत्तर देणार? परवानगी चेंबर साफ करण्याची होती, बांधण्याची नव्हती, हे मला कागदावर दाखवावं लागेल. सासरे त्या काळात संस्थेचे चिटणीस होते आणि ही परवानगी त्यांनी इतिवृत्तात नोंदवली होती, असं ते नेहमी सांगत. १९९० ते २००५ ची इतिवृत्तं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहेत. ती काढून त्यातल्या संबंधित पानाची प्रमाणित प्रत मला द्यावी. समितीला याला एक दुपार लागेल. माझ्यासाठी तो बहुधा सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरेल.

गप्प राहण्याला कायद्यात अर्थ असतो, हे मला या चार महिन्यांत वकिलांकडून कळलं आणि इथल्या प्रत्येक सभासदाने ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ४१ मध्ये मनाई हुकूम कधी द्यायचा नाही ते सांगितलं आहे. ज्या चालू आगळिकीला दावा करणाऱ्याने स्वतःच मूक संमती दिली, तिच्याविरुद्ध मनाई मिळत नाही, हे त्यातलं एक. लिमिटेशन ॲक्टप्रमाणे, म्हणजे दाव्यांच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, मालकाने आपल्या जमिनीवरचा उघड, विरोधी आणि अखंड ताबा बारा वर्षं खपवून घेतला, तर त्याचा हक्कच संपतो. पूर्वी असा ताबा ही बचावाची ढाल मानली जायची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा ताब्याच्या जोरावर ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो. म्हणजे ‘पाहू पुढे, शेजारधर्म आहे’ असं म्हणत राहिलेला माणूस एके दिवशी प्रतिवादी होऊन उभा राहतो.

माझ्या बाबतीत घड्याळ याहून जवळ आलं आहे. ज्याच्या ताब्यातून जागा त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून काढून घेतली, त्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न निघतच नाही. ताबा कुणाचा होता आणि तो बेकायदा घेतला का, एवढंच पाहतात, आणि त्या निकालावर अपीलही होत नाही. कुलूप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागलं, म्हणजे मुदत मेच्या पहिल्या आठवड्यात भरते. नंतरही भूखंडावरच्या हक्काच्या आधारावर दावा करता येईल, पण तो लांबचा आणि खर्चिक रस्ता आहे. मेमध्ये दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते, म्हणून मला एप्रिलमध्येच दावा दाखल करायचा आहे. त्यासोबत तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज असेल आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमावा, अशी विनंतीही. आपसात मिटवायच्या बैठकांत हे दोन महिने गेले, तर माझ्या हातातलं सगळ्यात सोपं साधन गेलं.

आता समितीचा मुद्दा. ‘हा दोन सभासदांचा खासगी वाद आहे’ असं आपण म्हणालात. पण आपल्या संस्थेत जमीन संस्थेच्या नावावर आहे. भूखंड सभासदांना भाडेपट्ट्याने दिलेले आहेत आणि हद्दी संस्थेच्या मंजूर लेआउटने ठरलेल्या आहेत. शेजाऱ्यांनी भिंत फोडली तेव्हा संस्थेने आखलेली हद्द बदलली. ती तशीच राहिली तर उद्या संस्थेच्या नोंदीतला भूखंड आणि जागेवरचा भूखंड यांचा मेळ बसणार नाही. दोन्ही बाजूंचा निवाडा करा, असं मी समितीला म्हणत नाही, ते न्यायालयाचं काम आहे. आपल्याच जमिनीची, आपल्याच नकाशाची बाजू संस्थेने लेखी मांडावी, एवढं मात्र मी हक्काने मागते आहे. समिती का कचरते, तेही मी जाणते. सामासिक अंतरात शेड मारलेली घरं इथे आणखीही आहेत आणि एकाला पत्र दिलं तर बाकीचे रागावतील. पण त्यांनी स्वतःच्या भूखंडात शेड मारली आहे. दुसऱ्याच्या भूखंडात शिरून कुलूप लावणं आणि ते, हे एकाच तराजूत घालू नये.

आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाची लेखी तक्रार आली की समितीने पुढच्याच सभेत त्यावर निर्णय घ्यायचा आणि तो पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. त्या सभेत या पत्राचं वाचन व्हावं आणि इतिवृत्तात नोंद व्हावी. समितीच्या दोन सदस्यांनी जागेवर येऊन टेप लावून मोजमाप घ्यावं आणि छायाचित्रांसह पाहणी टिपण करावं. त्या वेळी शेजाऱ्यांनाही बोलवावं, माझी काही हरकत नाही. नंतर संस्थेने त्यांना भिंत पूर्ववत करण्याचं पत्र पोचपावतीसह पाठवावं आणि मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत मला द्यावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीसाठी मी स्वतः अर्ज करते आहे. मोजणीदार येतील तेव्हा संस्थेचा प्रतिनिधी हद्दीच्या खुणा दाखवायला हजर असावा, म्हणजे ‘क’ प्रतीवर, मोजणीच्या नकाशावर, नंतर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

सीसीटीव्हीचं काम आजच्या आज व्हायला हवं. गल्लीच्या तोंडाचा कॅमेरा माझ्या फाटकावर येतो आणि गवंडी आत शिरले ती दुपार त्यात असणार. रेकॉर्डरवर जुनं चित्रण साधारण महिनाभरात पुसलं जातं. ते वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवावं. पुरावा म्हणून त्याचा उपयोग व्हायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा एक भाग ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच सही करून द्यायचा असतो. म्हणजे सही चिटणीसांची लागेल, ती मला बाहेरून आणता येत नाही.

पोलिसांकडे मी जाऊन आले. ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून अदखलपात्र नोंद घेऊन मला परत पाठवलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे, ताबेदाराला धाक घालायला, त्याचा अपमान करायला किंवा त्याला त्रास द्यायला त्याच्या जागेत शिरणं, किंवा परवानगीने येऊन नंतर बेकायदा तिथेच ठाण मांडणं, हे फौजदारी अतिक्रमण आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, राहत्या घरात शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते, आणि हे गुन्हे दखलपात्र आहेत. चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारणारं पोर यात बसत नाही, हेतू महत्त्वाचा. लेखी हरकत पोचल्यानंतर, घर बंद पाहून माणसं आत पाठवणं यात हेतू दिसतो, असं माझं म्हणणं आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, ते मी केलं आहे. पण खरं सांगते, शेजाऱ्यांच्या घरी पोलीस यावेत ही माझी इच्छा नाही. त्या घरातल्या आजींनी माझ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलं आहे.

माझा मुलगा त्या दिवशी ग्राइंडर घेऊन अँगल कापायला निघाला होता. मी त्याच्या हातातून वायर काढून घेतली. आम्ही ते कापलं असतं तर नुकसानीची तक्रार आमच्यावर झाली असती आणि चार महिन्यांत जमवलेला प्रत्येक कागद फिका पडला असता. मोटारीला, कुलपाला, पत्र्याला आमच्या घरातलं कुणीही हात लावणार नाही, हे मी समितीला लिहून देते. महापालिकेकडे विनापरवाना बांधकामाची तक्रारही मी अजून केलेली नाही. महापालिका कायद्याच्या कलम २६० ची, विनापरवाना बांधकामाबद्दलची, नोटीस आली की पथक नुसती एक शेड पाहून जात नाही, हे मला कळतं. पण समितीकडून उत्तर आलं नाही, तर तोही अर्ज मला करावा लागेल.

शेजाऱ्यांना समितीने माझ्याकडून एक प्रस्ताव द्यावा. फाटक, कुलूप आणि शेड काढून त्यांनी भिंत बांधून दिली, तर चेंबर साफ करायला त्यांचा माणूस पूर्वीसारखाच येऊ दे. फक्त ते लेखी असेल. एक दिवस आधी कळवायचं, किल्ली आमच्याकडून घ्यायची, परवानगी एका वर्षाची आणि दरवर्षी नव्याने, आणि तीवरून कोणताही हक्क सांगायचा नाही. दोन्ही घरांच्या सह्या आणि समितीची साक्ष. मसुदा सोबत जोडला आहे. ३१ मार्चपर्यंत त्यावर सही झाली तर मी दावा लावणार नाही.

तसं न झाल्यास एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वकील दावा दाखल करतील. तोपर्यंत इतिवृत्ताची प्रत, लेआउट, पाहणी टिपण आणि चित्रण मिळावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
सभासद व भूखंडधारक

सोबत: छायाचित्रं, व्हॉट्सॲप संदेशांच्या प्रती, अदखलपात्र नोंदीची प्रत, परवानगीपत्राचा मसुदा.
प्रत माहितीसाठी: मा. चिटणीस, मा. उपनिबंधक, सहकारी संस्था.