काकूंच्या भिंतीवरची रेघ

शिरोळ तालुका,
२५ मे

प्रिय मित्रा,

"आई ऐकतच नाही, तूच जरा समजाव," असं तू परवा फोनवर म्हणालास. काल संध्याकाळी काकूंकडे जाऊन आलो. गेलो होतो समजवायला आणि तासभर त्यांचंच ऐकत बसलो.

पावसाळाभर पुण्याला यायचं नाही, याला तू हट्ट म्हणतोस. अरे, त्यांची म्हैस श्रावणात व्यायची आहे. तिला कुणाच्या दावणीला बांधून त्या चौथ्या मजल्यावर येऊन बसतील? बोलता बोलता त्या उठल्या, देवळीशेजारी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "पाचच्या पुरात पाणी हितपतूर आलं हुतं." छातीएवढ्या उंचीवर काकांनी २००५ साली कोळशानं ओढलेली ती रेघ अजून आहे.

२०१९ च्या पुरात आमचा घात झाला तो असल्याच रेघेनं. आमच्या आण्णांना नदीची रीत पाठ. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी शिरून दक्षिण दारातून बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, की वैरण वर चढवायची. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा फुगणार, कोयना धरणातून सोडलं की कृष्णा. पण २००५ च्या वर पाणी जाईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. धान्याची पोती आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी त्यांनी जुन्या खुणेच्या हातभर वर ठेवली आणि निर्धास्त बसले. तिकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची, म्हणजे बघ. आमची खूणही बुडाली, पेटीही.

त्यात निघायची वेळ हुकली. रस्ता पाण्याखाली गेला, नाव एवढाच मार्ग उरला, आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटल्याची बातमी आली. आण्णा नावेत पाय ठेवेनात. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला त्या डुगडुगत्या फळीवर चढताना काय वाटत असेल, ते मी त्या दिवशी त्यांच्या तोंडावर पाहिलं. शेवटी दोघांनी उचलून बसवलं.

छावणी एका शाळेत होती. खाण्याची ददात नव्हती, कुठून कुठून लोकांनी भाकऱ्या पाठवल्या. पण संडास मैदानाच्या पलीकडे, चिखलातून जायचं. रात्री उठावं लागू नये म्हणून आण्णांनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी जीभ कोरडी पडून ते असंबद्ध बोलायला लागले, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. बीपीच्या गोळ्या घरी देवळीत राहिलेल्या. डॉक्टरांनी नाव विचारलं तर म्हणाले, "पांढरी, बारकी."

घरी परतल्यावर मात्र चूक माझी झाली, आणि ती मला अजून खाते. चार पोरं लावून आम्ही गाळ उपसला. त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं, "तुम्ही नका येऊ, घसराल." घोंगडं, त्यांच्या हिशेबाच्या वह्या, सगळं सडलं म्हणून न विचारता ट्रॉलीत टाकलं. त्यानंतर पुढची दिवाळी येईपर्यंत ते पारावर गेले नाहीत. खायचे, झोपायचे, एवढंच. घर दोन महिन्यांत उभं राहिलं, माणसाला जवळजवळ दोन वर्षं लागली.

उठले ते २०२१ च्या जुलैत. पाणी चढायला लागलं तशी गल्लीतली पोरं त्यांनाच विचारायला आली. आण्णांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि बॅटरी घेऊन दर अर्ध्या तासानं वाकून बोटं मोजत राहिले. जुनी रेघ या वेळी त्यांनी मनातसुद्धा आणली नाही. मोबाइलवर येणारा धरणांचा विसर्ग मला मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाले, "अर्ध्या तासात चार बोटं. सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा." कोरड्या रस्त्यानं, ट्रॅक्टरमधून, जनावरांसकट गेलो.

तर काकूंशी मी असं ठरवलंय. पाणी पाराच्या पहिल्या पायरीला लागलं की आधी म्हैस ट्रॉलीत, मग काकू, आणि दोघी माझ्या बहिणीकडे माळावर. "म्हस जाणार असंल तर मी का न्हाई म्हणीन?" एवढीच त्यांची अट होती. तू एक कर. त्यांच्या पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, जुना चष्मा, कानातल्या यंत्राचे सेल, आधार आणि पासबुक असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवून ठेव. माळ्यावर नको, तिथं त्यांचा हात पोचत नाही. आणि रोज फोन कर, पण "तू ये" म्हणायला नको. "पाणी कुठवर आलं" ते विचार.

अजून एक. २०१९ नंतर तू घर रंगवलंस, तेव्हा काकूंनी जुन्या रेघेवर ब्रश फिरवू दिला नाही. नव्या पुराचा डाग मात्र रंगाखाली गेला. मृगाच्या आधी दोन दिवस ये, आपण ती रेघ मारू. काकूंना जागा नेमकी आठवते, दाराच्या चौकटीच्याही वर. स्टूल मी घेऊन येतो.

तुझा,
शेजारी